साली काढलेली सुगी

“साली कुठं गेल्या? काका, मी साधा प्रश्न विचारतोय, साली कुठं गेल्या?”

साहेब असा ओरडत होता की मळ्यातल्या लिंबावरचे कावळे उठले ते थेट हातकणंगले स्टेशनावर जाऊन बसले असणार. साहेब म्हणजे सांगलीकडच्या एका नव्या वाइन कारखान्याचा माणूस. पुण्याकडं शिकलेला, मिशी नुकतीच जाड झालेली, एरवी पाणी मागतानासुद्धा ‘प्लीज’ म्हणणारा. आत्ता त्यानं बाही कोपराच्या वर दुमडली होती आणि निळ्या पिंपात हात घालून तळ ढवळत होता. हात रिकामा वर आला. दुसऱ्या पिंपात घातला, तिथूनही रिकामा. शेजारी माझे दाजी उभे होते. माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मळा त्यांचा, पिंपं त्यांची आणि त्या घटकेला शेडमधला सगळा घामही त्यांचाच. अंगात लग्नाचा कडक सदरा, कपाळाला विभूती, खांद्यावर आहेराचा टॉवेल. कागलच्या लग्नाहून आम्ही नुकतेच जीपमधून उतरलो होतो, अजून कुणी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

“रेड वाइनमधून साली काढल्यात तुम्ही,” साहेब म्हणाला. आवाज आता ओरडण्यातून रडण्याकडं निघाला होता. “आता हिच्यात राहिलं काय?”

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी आक्काकडं बघितलं. आक्कानं गोठ्याकडं बघितलं. गोठ्यात दाजींची आई, सगळ्या गावाची अव्वा, म्हशीपुढची पाटी उचलत होती. पाटी चाटूनपुसून रिकामी होती आणि म्हशीचं तोंड जांभळं होतं.

दर वर्षी शिवरात्र जवळ आली की कोल्हापुरात रंकाळ्याच्या रस्त्याला काळ्या द्राक्षांच्या गाड्या लागतात आणि मला ही पाटी आठवते. थंडी गेलेली असते, ऊन अजून चावत नसतं, गुऱ्हाळं आवरायला लागलेली असतात आणि वारा पंचगंगेकडून आला तर त्याला गुळाचा वास असतो. मी गाडीपुढं थांबतो, एक मणी उचलतो आणि खायच्या आधी नखानं फाडून आत बघतो. आत हिरवट पांढरं निघतं. मग तोंडात टाकतो.

“पावणं, कीड न्हाई त्यात,” गाडीवाला म्हणतो. “शरद जात हाय. बी सुदीक न्हाई.”

“कीड नाही बघत, रंग बघतोय.”

“रंग भाईर हाय की. आत कशाला बगताय?”

त्याचं बरोबर आहे. काळी द्राक्षं म्हणजे जवळजवळ सगळीच फक्त बाहेरून काळी असतात. आतला गर आणि रस पांढऱ्या द्राक्षांचा असतो तसाच. लाल वाइनला लाल करते ती साल. रस आणि साल एकत्र आंबतात, साल आपला रंग सोडते, तोंड ओढणारा तुरटपणा सोडते, आणि मग ती टाकायची. आधी टाकली की खेळ संपला. हे मला आता इतकं पाठ आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन. साहेबानंही ते दाजींना सांगितलं होतं. दाजींनी अव्वाला सांगितलं नव्हतं, कारण अव्वा त्या शेडकडं तोंड करूनही बसत नव्हती.

दाजींचं घर लिंगायतांचं. गळ्यात लिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि दारू हा शब्द घरात फक्त वाइटाच्या उदाहरणासाठी वापरायचा. असल्या घरात वाइनची द्राक्षं कशी आली, तर उसाच्या रागानं आली. दाजींनी उभा जन्म ऊस केला. एकदा बांधावर बसल्या बसल्या मला म्हणाले, “पावणं, ऊस तोडून गाडीत भरला की तो माजा ऱ्हात न्हाई. कारखान्यात सगळ्या गावाचा ऊस एका पट्ट्यावर पडतोय. साकर घरात आली की मी वळखू शकत न्हाई, ह्यात माजा कंचा दाणा. गुळाचंबी तसंच. मला असं कायतरी करायचंय की कुणीतरी तोंडात घेतल्यावर म्हणलं पायजे, ह्यो अमक्याच्या मळ्यातला माल.”

कुणीतरी त्यांना सांगितलं की वाइन हा एकच माल असा आहे, जो पिणारा माणूस डोळे मिटून शेत ओळखतो. झालं. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. वाइनचे कारखाने नवे नवे निघत होते आणि मोबाइलला रेंज मिळवायला माणसं विहिरीच्या कठड्यावर चढत होती. दाजी कारखान्याकडं कलमं आणायला गेले. पण दाजी कुठंही वेळेवर पोचल्याचं उदाहरण नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्यावर आले, असं मी सांगतो आणि आक्का नाही म्हणते. तोवर ज्यांची नावं सगळ्यांना ठाऊक, त्या शिराज आणि कॅबर्नेची कलमं तासगावच्या बागायतदारांनी उचलली होती. उरल्या होत्या कुणी नाव न ऐकलेल्या चार काळ्या जाती. दाजींनी त्या चारही आणल्या, विहिरीकडच्या तुकड्यात लावल्या, आणि खांबावर तारा चढल्या तशी आमच्या घरात चार नवी माणसं राहायला आली.

पहिली सँसो. मोठा मणी, पातळ साल, उन्हाला भीत नाही, पाणी थोडं कमी पडलं तरी कुरकुर नाही. वास असा की घड तोडताना कुणीतरी महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आलंय असं वाटावं. पण रंगाला गरीब. साहेब म्हणाला, तिची वाइन फिकटच होते, पण हलकी आणि गोड वासाची.

दुसरी तन्नात. मणी बारीक, साल चामड्याची. एक मणी चावला की जीभ टाळ्याला जी चिकटायची ती सोडवायला ताक लागायचं. मी तर म्हणतो, आमच्या गड्यानं सकाळी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत बायकोशी भांडू शकला नाही. आक्कानं तिचं नाव सासू ठेवलं, अव्वाच्या अपरोक्ष. हिची वाइन काळीशार आणि कडक होते, लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं ठेवावी लागते, तेव्हा कुठं माणसांत येते.

तिसरी कारिन्यान. घड लागतील तेवढे कमी, पण पिकायला सगळ्यात उशीर आणि देठ इतका टणक की कात्री बोथट व्हायची. भुरीचा रोग पडायचा तो सगळ्यात आधी हिच्यावर. तासगावचा आमचा एक नातेवाईक, खायच्या द्राक्षांना औषधात बुडवून लिंबाएवढी करणारा, मळा बघून म्हणाला, “दाजी, ही द्राक्षं हाईत का करवंदं?” कारिन्यानची वाइन आंबट, सरळसोट, कष्टाळू माणसासारखी. कौतुक कुणी करत नाही आणि अडतंही तिच्यावाचून.

चौथी आलिकांते. हे नाव आमच्याकडं एक दिवससुद्धा टिकलं नाही. पहिला घड तोडला त्या दिवशी गड्यानं मणी फोडला आणि हात झटकला. त्याला वाटलं बोट कापलं. रस रक्तासारखा लाल. साल लाल, गर लाल, आत बघावं तिकडं लाल. काळ्या द्राक्षांत आतूनही रंगलेल्या जाती थोड्या असतात, त्यांतली ही. माल उतरल्यावर हिची पानंही लाल झाली होती, तेव्हा औषधाच्या दुकानदारानं रोग समजून दाजींच्या गळ्यात पिशवीभर बाटल्या मारल्या. हिचं नाव पडलं रंगारी.

अव्वानं हे सगळं लांबून बघितलं. नवरा गेल्यावर तिनं गुऱ्हाळ एकटीनं चालवलेलं होतं. उकळत्या रसाच्या काहिलीपुढं उभं राहून राहून तिच्या भुवयांचे केस कायमचे करपले होते आणि पाक कुठं आला हे तिला वासावरून कळायचं. मळा तिच्या नावावर होता. ती वाइनविषयी एकदाच बोलली, तीही माझ्यासमोर, साक्षीदार म्हणून मला बसवून.

“ह्या सुगीत तुजा साह्यब चांगलं म्हणला तर येली ऱ्हाऊ देत,” ती दाजींना म्हणाली. “न्हाई म्हणला तर उन्हाळ्यात तारा काडायच्या. पावसाच्या तोंडाला ऊस लागला पायजे. तम्मा, तू ऐकलास न्हवं?”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी ऐकलं म्हणालो. दाजींनी मान हलवली. त्यांनी आईचा शब्द आयुष्यात मोडला नव्हता, हे त्यांचं मोठेपण होतं आणि तीच आत्ता अडचण होती.

म्हणून ती सुगी. परवाना कारखान्याचा, द्राक्षं आमची, पिंपं साहेबानं टेम्पोतून पाठवलेली. प्रत्येक जातीचं एक पिंप आमच्याच शेडमध्ये आंबवायचं, साहेब येऊन चाखणार आणि कुठली जात घ्यायची ते सांगणार. तो म्हणाला, पायांनी तुडवली तरी चालतात. अव्वा ओट्यावरून म्हणाली, देवापुढं ठेवायच्या फळाला पाय लावणाऱ्यानं ह्या घरात जेवायचं नाही. म्हणून आम्ही हातांनी चुरली. मी, दाजी, आक्का आणि गडी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. सँसोनं हात गुलाबी केले, सासूनं कोरडे, कारिन्यानच्या देठांनी ओरखडे काढले. रंगाऱ्यानं मात्र असा रंग दिला की चिंच लावली, लिंबू लावलं, रॉकेल लावलं, काही उतरलं नाही.

ते हात घेऊन आम्ही कागलच्या लग्नाला गेलो. दाजींच्या लांबच्या चुलत पुतणीचं लग्न. हळदीला जाऊन संध्याकाळी परत येऊ म्हणून निघालो आणि लग्न, वरात, पूजा सगळं उरकून परतलो. दाजींनी निघायच्या आधी पिंपांवर तरंगून आलेल्या साली लाकडी दांड्यानं रसात दाबल्या होत्या. आंबताना साली फेसाबरोबर वर येतात, जाड थर धरतात, तो रोज खाली दाबायचा असतो. एक दिवसानं काय होतंय, असं ते म्हणाले. लग्नात हुपरीची, चांदीकामाच्या गावची, एक बाई आक्काच्या काळ्या बोटांकडं बघत बसली होती. शेवटी तिनं स्वतःची बोटं पुढं केली. तीही काळी.

“तुमीबी चांदीला बसता व्हय?” तिनं विचारलं. “आमच्यात पैंजण घासून हुत्यात अशी.”

“द्राक्षं चुरली,” आक्का म्हणाली.

“एवढी? कशाला?”

आक्कानं सांगितलं असतं तर पंगतीतला अर्धा पापड हवेतच राहिला असता. ती म्हणाली, “सरबत.”

इकडं मळ्यावर अव्वा एकटी, गडी नुसता धारेपुरता यायचा. तिला शेडमधून आवाज यायला लागला. खदखद. चूल नाही, जाळ नाही, आणि चार ठिकाणी खदखदतंय. ज्या बाईनं उभं आयुष्य उकळत्या रसापाशी काढलं, तिला तो आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करता येईना. म्हणून ती आत गेली. फडकी काढून बघते तर चारी पिंपांवर फेस, आणि फेसावर सालींचा जाड काळा थर.

आता गुऱ्हाळ ज्यानं बघितलंय त्याला पुढचं सांगायला नको. उसाचा रस काहिलीत तापला की मळी वर येते. ती झाऱ्यानं काढायची. काढत राहायची. मळी राहिली तर गूळ काळा होतो, खारट होतो, बाजारात कुणी हात लावत नाही. अव्वानं लहानपणापासून हेच ऐकलं आणि हेच केलं. तिनं माळ्यावरून मोठा झारा काढला, चुलीच्या राखेनं घासला आणि पिंपांवरची मळी काढायला लागली. जेवढी काढली तेवढी परत वर आली, म्हणून परत काढली. दोन दिवस काढत होती. सालपटं फेकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून पाटी भरभरून म्हशीला घातली.

म्हशीचं पुढं काय झालं, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. माझं मत असं की ती धार काढायच्या वेळी आपणहून वळली, गड्याकडं बघून मान डोलावली, आणि त्या दुधाचा चहा पिऊन डेअरीचा माणूस हुपरीपर्यंत भजन म्हणत गेला. आक्का म्हणते, म्हैस नुसती झोपली. आक्काला कुठलीच गोष्ट धड सांगता येत नाही.

तर असा साहेब ओरडत होता आणि अशी अव्वा रिकामी पाटी घेऊन उभी होती.  दाजींचा चेहरा बघवत नव्हता. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं, आणि माझ्याही मनात तेच चाललं होतं. तारा काढायची अट घालणारी हीच, मळ्यावर एकटी राहिलेली हीच, आणि पिंपातून नेमकी सालच काढणारीही हीच.

“अव्वा,” दाजी म्हणाले, “तू काडलीस?”

“मग कोन काडनार? तुमी गेलासा लग्नाला. सगळी मळी वर आल्ती.”

“आणि हे काय?” साहेबानं पिंपात घातलेली बोटं वर धरली. बोटांमधून बारीक चिकट तार लोंबत होती.

“भेंडी,” अव्वा म्हणाली.

रस नितळ व्हावा म्हणून गुऱ्हाळात भेंडीचं झाड ठेचून त्याचा चिकट रस काहिलीत सोडतात. चिकटा घाण धरतो, झाऱ्यात येतो. दाजी शेडच्या बाहेर गेले. मी मागोमाग गेलो. पाट्यापाशी भेंडीची ठेचलेली झाडं पडली होती. परड्यातली भेंडी अव्वानं संपवली होती, म्हणून बांधावरची रानभेंडी शोधून आणली होती. पाटा स्वच्छ धुऊन भिंतीला उभा केला होता. दाजी ते बघत तिथंच उकिडवे बसले.

“पावणं,” ते हळू आवाजात म्हणाले, “ही पेठेत पयल्या नंबरात जायच्या गुळालाच रानभेंडी हुडकून घालायची. घरच्या गुळाला एवडी मेहनत कवाच न्हाई.”

मी ठेचलेली झाडं गोळा करायला लागलो.

साहेबानं तरी चाखायचं ठरवलं. माणूस शहाणा होता. पुण्याहून आणलेले पातळ पेले काढले, चारही पिंपांतून थोडं थोडं घेतलं आणि शेडच्या दारात उजेडापुढं धरलं. घरात चाखू शकणारा दुसरा माणूस मी. नव्वदच्या दशकात एकदा मित्रांबरोबर गोव्याला गेलतो, तिथं अर्धा पेला लाल वाइन घेतली होती, तेवढ्या भांडवलावर मी कोल्हापुरात जाणकार म्हणून वावरत होतो. दाजींना चाखायचं नव्हतं. ते फक्त आमच्या तोंडांकडं बघत होते.

सँसोचा पेला कोकम सरबतात जास्त पाणी झाल्यासारखा. पण वास होता. साहेबानं नाक आत घातलं ते बाहेर काढेना. “वास छान आहे,” तो म्हणाला, “पण हे रेड नाही. गुलाबी आहे. आम्हाला या वर्षी गुलाबी नकोय.”

सासूचा पेला बघून आक्कानं तोंडाला पदर लावला. जिच्या एका मण्यानं जीभ टाळ्याला चिकटायची ती इतकी नरम झाली होती की माहेरी गेल्यासारखी वाटत होती. तुरटपणा सगळा सालीत होता, सालीबरोबर म्हशीच्या पोटात गेला. साहेब म्हणाला, तन्नात अशी मवाळ त्यानं जन्मात प्यायली नव्हती. हे कौतुक आहे का, असं दाजींनी डोळ्यांनी विचारलं. साहेबानं मान हलवली. नाही.

कारिन्यानचा पेला फिकट आणि आंबट. मी म्हणालो, कैरीच्या पन्ह्यात लोखंडाचा खिळा टाकून ठेवल्यासारखा. साहेबानं ते लिहून घेतलं, असं मला वाटतं.

मग रंगाऱ्याचा. तो पेला उजेडापुढं धरला आणि पलीकडचं काही दिसेना. साली काढल्या, भेंडी घातली, दोन दिवस झारा फिरवला, तरी हा काळा तो काळाच. साहेबानं घोट घेतला, तोंडात फिरवला. मीही घेतला. पिकलेल्या जांभळासारखं काहीतरी, मागं ओल्या मातीसारखं, आणि मग काहीच नाही. वास थोडा, धार थोडी. गोष्ट सुरू झाल्यासारखी वाटते आणि सांगणारा उठून जातो.

“ही आम्ही घेऊ,” साहेब म्हणाला. “जेवढी असेल तेवढी. पण खरं सांगतो, काका, हिची स्वतःची बाटली होत नाही. आमची बाकीची वाइन कधी फिकट उतरते, तिला रंग यावा म्हणून ही मिसळतात.”

“मिसळायला,” दाजी म्हणाले.

“हो. मिसळायला.”

दाजी खांद्यावरचा आहेराचा टॉवेल काढून घडी घालत राहिले. घडी झाली, परत उलगडली, परत घातली. मग आईपुढं जाऊन उभे राहिले. खोटं बोलायची सोय त्यांना होती. साहेबाचं बोलणं अव्वाला निम्मंच कळलं असेल. पण दाजींना ते जमत नाही. घरातला तो सगळा कोटा माझ्याकडं आहे.

“अव्वा,” ते म्हणाले, “तीन न्हाई म्हणला. चौथी नुसती मिसळायला. तारा काडतो मी.”

अव्वानं पाटी खाली ठेवली. शेडमध्ये आली. ज्या शेडकडं ती तोंड करून बसत नव्हती तिथं आता ती घरच्यासारखी वावरत होती. भिंतीला टेकवलेला झारा तिनं उचलला, पहिल्या पिंपात बुडवला आणि वर धरला. भोकांतून धार गळाली, फिकट. दुसऱ्यातून, तिसऱ्यातून, तशीच. चौथ्यात बुडवला आणि वर धरला. धार खाली पडत होती आणि ती शांतपणे बघत होती, पाक बघायची तशी. थेंब तिच्या पातळावर उडाले. तिनं बोटानं घासले. गेले नाहीत.

“चारीतली मळी मी ह्याच हातानं काडली,” ती म्हणाली. “तिगींचा रंग मळीबराबर गेला. हिचा अंगातलाच हाय. ही ऱ्हाऊ दे.”

“पर ती मिसळायला—”

“साकु,” अव्वा म्हणाली. कानडीत पुरे. हा शब्द तिनं उच्चारला की आमच्याकडं कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबतं.

उन्हाळ्यात तारा निघाल्या नाहीत. दाजींनी बाकी तिघींच्या वेली जमिनीपासून वीतभर वर कापल्या आणि त्यांच्या खोडांवर रंगाऱ्याचे डोळे कलम करून बांधले. म्हणजे अजूनही त्या तुकड्यात खाली सासूचं मूळ आहे, कारिन्यानचं मूळ आहे आणि वर सगळा रंगारी. सँसोची एक वेल मात्र विहिरीच्या कडेला राहिली. विसरून राहिली, असं दाजी म्हणतात. सुगीच्या दिवसांत विहिरीवर मोटर सुरू करायला गेलं की तिचा वास येतो आणि दाजींना मोटर सुरू करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो.

पुढं काही वर्षांनी, त्याच दिवसांत, साहेबानं एक बाटली पाठवली. पोटानं आणि हुद्द्यानं तो आता मोठा झाला होता. बाटलीवर कारखान्याचं नाव, वर शिराज असं झोकात लिहिलेलं. दाजींनी बाटली चारी बाजूंनी फिरवून बघितली. गावाचं नाव कुठं नव्हतं. रंगाऱ्याचंही नव्हतं. बाटली घरात न्यायची नाही म्हणून आम्ही वेलींखाली पोतं टाकून बसलो. ऊन वेलींच्या पानांतून खाली पडत होतं. मी पेला भरला, उजेडापुढं धरला. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

“काय लागतंय?” दाजींनी विचारलं. त्यांनी विचारलं ते इतकं जपून की मी आणखी एक घोट घेतला. “आपला मळा लागतोय का त्यात?”

मी खोटं बोलण्यात कुणाला हार जात नाही. मी सांगू शकलो असतो की लिंबाची सावली लागते, विहिरीचं पाणी लागतं, म्हशीचं जांभळं तोंड लागतं. तसं थोडं सांगितलंही. ते ऐकत राहिले, मग त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला. प्यायले नाहीत. पेल्यात करंगळी बुडवली, वर काढली आणि वाळू दिली. मग पदरानं डोकं झाकून चारा न्यायला आलेल्या आपल्या आईला त्यांनी ती दाखवली. करंगळी काळी झाली होती.

अव्वानं बघितलं आणि चाऱ्याचा भारा बांधायला लागली. माझ्या पोटात अर्धा पेला वाइन होती, म्हणून जे इतकी वर्षं विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी विचारलं.

“अव्वा, खरं सांगा. त्या साली तुमी जाणूनबुजून काडल्या का?”

तिनं दोरीची गाठ गुडघ्यानं दाबून आवळली, भारा डोक्यावर चढवायला मला खुणेनं उठवलं, आणि चढल्यावर म्हणाली,

“मळी हुती. काडली.”